सातवी पिशवी

१

“सही कर, आई. सहा फॉर्म, सहा सह्या. दोन मिनिटांचं काम आहे.”

“मग आधी तुझ्या मांजराचा फॉर्म भर. त्यावर मी सही करते.”

“ओरिओचा इथे काय संबंध?”

“तोही जनावरच ना? दे कुणालातरी. चांगला दाढीवाला बघून दे.”

“ओरिओपायी मी जिन्यावरून पडले नाही! तू चार तास बेसमेंटमध्ये पडून होतीस. फोन वर किचनमध्ये, आणि तू खाली त्या टाक्यांमध्ये.”

“साडेतीन तास.”

“आई!”

“आणि सापांनी पाडलं नाही मला. चपलेचा अंगठा तुटला.”

हे भांडण श्रूजबरीला माझ्या दारात सुरू झालं होतं. न्यूयॉर्क राज्यातून जाताना ते चढलं, पेनसिल्व्हेनियात एका गॅस स्टेशनवर कॉफीसाठी पंधरा मिनिटं थांबलं, मोटेलात रात्रभर दोन पलंगांवर पाठी फिरवून झोपलं, आणि आता शुक्रवारी दुपारी चार वाजता ओहायोतल्या डब्लिन गावात, हॉटेलच्या दोनशे चौदा नंबरच्या खोलीत ताजंतवानं होऊन उभं होतं. आसावरीचं स्वतःचं घर इथून बारा मिनिटांवर. चार बेडरूम. पण त्या घरात साप येणार नाहीत, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. म्हणून मी हॉटेलात. आणि आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून तीही हॉटेलात, स्वतःचं घर बारा मिनिटांवर असताना. यात हसण्यासारखं काय आहे हे तिला कळत नाही. तिच्या वडिलांना कळलं असतं.

बेत असा होता. साप पाळणाऱ्यांचं संमेलन तीन दिवस. रविवारी सकाळी माझे सहाही साप दुसऱ्या पाळणाऱ्यांच्या हवाली करायचे. त्यासाठीच्या कागदाला इथे दत्तक फॉर्म म्हणतात. मग मी आसावरीच्या घरी राहायला जायचं, आणि मंगळवारी मेमरीवाल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट.

“मेमरीला काय झालंय माझ्या?”

“गेल्या आठवड्यात तू मला दोनदा फोन करून एकच गोष्ट सांगितलीस.”

“कारण पहिल्यांदा तू ऐकली नव्हतीस.”

ती बाथरूममध्ये गेली आणि दार जरा जोरात लागलं. मी सापांच्या पिशव्यांचा थर्माकोलचा डबा पलंगावर घेतला आणि झाकण काढलं. प्रवास झाला की मोजणी करायची, ही माझी तीस वर्षांची शिस्त. प्रत्येक पिशवीवर हात ठेवायचा आणि नाव मोठ्यानं घ्यायचं. ठकी. सरपंच. जाई. जुई. चिमणा. हवालदार.

नावं संपली. हाताखाली अजून एक पिशवी होती.

२

मी नंदा. जुनी अकरावी, गणितात नापास. हे मी कुणापासून लपवत नाही, कारण त्यानंतर जे शिकले ते कुणी शिकवलं नाही मला. डॉक्टरांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मागून इथे आले तेव्हा इंग्रजीत मला फक्त ‘थँक्यू’ येत होतं. त्र्याऐंशी साली बेसमेंटमध्ये धुण्याच्या टोपलीत एक गार्टर साप निघाला. बिनविषारी, पेन्सिलीएवढा. डॉक्टर वॉशिंग मशीनवर चढून बसले. वूस्टरच्या हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर, पाय वर घेऊन, ‘नंदा, पोलिस’ म्हणत होते. मी साप हातात घेतला. तो माझ्या बोटांमधून असा काही वाहत गेला की मी त्याच दिवशी लायब्ररीत जाऊन पुस्तक आणलं आणि शेजारी डिक्शनरी ठेवून वाचलं. एका पानाला एक संध्याकाळ लागायची. आज कॉलेजात शिकवणारे लोक मला विचारतात की अंगावरची कात अडकली तर काय करायचं. मी उत्तर लिहिते, स्पेलिंगच्या चुकांसकट.

साप न्यायचा तो कापडी पिशवीत. पिशवी मी स्वतः शिवते, जुन्या उशीच्या अभ्र्यांची. एक गोष्ट लक्षात ठेवायची: शिवणीचे दोरे बाहेर ठेवायचे. आत राहिले तर सापाच्या अंगाला, दाताला अडकतात. म्हणजे पिशवी बाहेरून कुरूप आणि आतून गुळगुळीत. तोंडाला पीळ देऊन एक गाठ, शेपूट दुमडून त्यावर दुसरी.

दुसरी गाठ डॉक्टरांची. सापाला त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नाही, पण बंद पिशवीला लावत. माझी गाठ झाली की पुढे येऊन वरून स्वतःची गाठ मारायचे. डावरे होते, त्यामुळे त्यांचा पीळ उलटा पडायचा. ऑक्टोबरातल्या संमेलनांना आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून जायचो. त्या गाडीत मागच्या सीटपर्यंत गरम हवा यायची नाही. मी डबा मागे ठेवायला लागले की दर वर्षी तेच वाक्य: “मागे नको ठेवूस. मागे हीटर पोचत नाही.” मग एकेक पिशवी कोटाच्या आत घेऊन बसायचे. घाम फुटलेला असायचा, डोळे मिटलेले असायचे आणि पोटाशी सहा साप. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आसावरी या प्रवासांना कधीच आली नाही. शाळेच्या वयात ती मैत्रिणीकडे राहायची, नंतर कॉलेजला गेली. सापांची भीती तिनं वडिलांकडून जशीच्या तशी घेतली, कोट मात्र घेतला नाही. लहानपणी ती घाबरली की ते तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवून नाडी बघायचे आणि तिला पंधरापर्यंत मोजायला लावायचे.

डॉक्टर दोन वर्षांपूर्वी गेले. किचनमध्ये, निळ्या रेघांचा शर्ट अंगात. तो शर्ट इमर्जन्सीत कात्रीनं कापून काढला आणि मला परत मिळाला नाही. आसावरीचं विमान फिलाडेल्फियात अडकलं. ती पोचली तेव्हा त्यांचा हात गार झाला होता. त्याबद्दल ती बोलत नाही. सापांबद्दल बोलते.

३

सातवी पिशवी निळ्या रेघांची होती.

मी ती लगेच उचलली नाही. आधी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. पाण्याचा आवाज येत होता. मग जवळ वाकून पाहिलं.

शिवण सुबक नव्हती. टाके लहानमोठे, शिकाऊ माणसानं घातल्यासारखे. आणि बाहेर एकही दोरा नव्हता. शर्ट शिवतात तशी शिवली होती, दोरे सगळे आत. मी असं शिवणार नाही. झोपेतसुद्धा नाही. ज्याला फक्त शर्ट कसा असतो एवढंच माहीत आहे, तो असं शिवेल. बटणपट्टीचं कापड होतं, त्यामुळे खालच्या कोपऱ्यात एक काज राहिलं होतं. तोंडाला एकच गाठ होती. तिचा पीळ उलटा होता.

आत काहीतरी होतं. ठकीच्या निम्म्यानं वजन असेल. साप पिशवीत असतो तेव्हा तो तळाशी वेटोळं घालतो आणि कापड त्याच्यावर सैल पडतं. हे कापड हळूच वर यायचं आणि खाली जायचं.

मी स्वतःला विचारलं: नंदा, तूच शिवलीस आणि विसरलीस का? एखादा तुकडा घरात राहिला असेल. चष्मा न लावता बसली असशील मशीनवर. आसावरी म्हणते तसं झालं असेल.

हे माझ्या डोक्यात उगाच आलेलं नाही. माणूस स्वतःवर संशय घेतो तेव्हा तो कुठून सुरू होतो ते मला माहीत आहे. पण मी मोटेलात सकाळी मोजलं होतं. सहा. आसावरी शेजारी उभी होती, नाकावर रुमाल धरून.

पाणी थांबलं. मी झाकण लावलं.

“ओके आहेत सगळे?” आसावरीनं केस पुसत विचारलं.

इथे मी काय बोलायला हवं होतं ते मला कळत होतं. पण सात म्हटलं की मंगळवारची वाट बघायचीच गरज नव्हती. ‘सहा निघाले, सात पोचले’ म्हणणाऱ्या बाईला कोण एकटं राहू देईल?

“सहा,” मी म्हणाले.

सापांच्या बाबतीत मी खोटा आकडा सांगितला तो पहिल्यांदा.

४

शनिवारी सकाळी हॉल भरला. ज्यांनी असलं संमेलन पाहिलं नाही त्यांना वाटतं, इथे सगळे गोंदवलेले आडदांड लोक येतात. येतात की. आणि मग गुडघ्यावर बसून चार इंची पिल्लाला ‘हाय ब्यूटिफुल’ म्हणतात. एक आजोबा कासवाला बाबागाडीतून फिरवत होते. सगळीकडे लाकडाच्या भुशाचा आणि कॉफीचा वास. हॉलमधले निम्मे लोक मला नंदाकाकू म्हणतात. त्यांना वाटतं ते माझं आडनाव आहे. मी कधी दुरुस्त केलं नाही.

वॉल्टर माझा इथला सगळ्यात जुना मित्र. ऐंशीचा, उजव्या हाताला चार बोटं. पाचव्याची गोष्ट तो दर वर्षी वेगळी सांगतो. ठकी त्याच्याकडे जायची होती. ठकी म्हणजे माझी बॉल पायथन, छोट्या जातीची अजगरीण, एकतीस वर्षांची. सोपं नव्हतं मला.

“डबा दे,” वॉल्टर म्हणाला, “प्रवासात गार पडले असतील.” त्यानं टेबलावरची टेम्परेचर गन उचलली. खेळण्यातल्या पिस्तुलासारखं यंत्र असतं, रोखलं की फॅरनहाइटमध्ये आकडा दिसतो. इथे प्रत्येकाच्या कमरेला एक असतंच.

मी झाकण काढलं आणि दोघंही वाकलो.

रात्री मी पिशव्या दोन ओळींत लावल्या होत्या, निळी एका कोपऱ्यात, एकटी. आता सहाही पिशव्या त्या कोपऱ्यात सरकल्या होत्या. आतून साप लोळत गेले की पिशवी थोडी हलते, पण इतकी नाही. सहाही त्या निळ्या पिशवीला चिकटून होत्या, थंडीत पिल्लं आईला चिकटतात तशा. सरपंचसुद्धा. सरपंच म्हणजे किंगस्नेक. दुसरा साप जवळ आला की तो गिळायला बघतो. तो गाढ पडून होता.

वॉल्टरनं गन रोखली. “बहात्तर. बहात्तर. एकाहत्तर. बहात्तर.” हॉल तेवढाच गरम होता. पिशवीतला साप म्हणजे आजूबाजूची हवा. स्वतःची ऊब त्याला नसते.

मग गन निळ्या पिशवीवर आली.

“अठ्ठ्याण्णव,” तो म्हणाला. गन झटकून पुन्हा रोखली. “अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. नंदा, यात हीट पॅक आहे का?”

“नाही.”

“तू सहा लिहिले होतेस.”

“सहाच आहेत.”

वॉल्टरनं माझ्याकडे पाहिलं. मग डब्यातून हवालदाराची पिशवी काढून उघडली. हवालदार हॉगनोज जातीचा आहे, भित्रा. माणसाचा हात दिसला की उलटा पडतो, तोंड वासतो, जीभ बाहेर टाकतो आणि मेल्याचं सोंग करतो. माझ्यासमोर करतो, वॉल्टरसमोर करतो, मुलाबाळांसमोर तर हमखास. फक्त डॉक्टर आले की करायचा नाही. ‘मी त्याच्यापेक्षा जास्त घाबरतो हे त्याला कळतं,’ ते म्हणायचे.

वॉल्टरच्या हातात त्यानं सोंग केलंच. छान मेला. वॉल्टरनं त्याला तसाच निळ्या पिशवीवर ठेवला. हवालदार सरळ झाला, नाक कापडाला लावलं, आणि तिथेच गोल करून बसला.

वॉल्टरनं त्याला हळूच परत पिशवीत घातलं, गाठ मारली, डब्याचं झाकण स्वतः लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

“ठकीला मी उद्या नेईन,” तो म्हणाला. “दहाला, दरवाज्याशी. सगळ्यांना घरं मिळतील, काळजी करू नकोस. पण त्या निळीत जे आहे, ते मी नेणार नाही. ते कुणाला देऊ नकोस, नंदा.”

५

डबा घेऊन खोलीवर आले. आसावरी खाली फोनवर ऑफिसचं काहीतरी बोलत होती. शनिवारी कसलं ऑफिस असतं देव जाणे. दुपारचा एक वाजला होता, पडदे उघडे, खिडकीतून चांगलं ऊन. पार्किंगमध्ये कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

मी निळी पिशवी खिडकीत ठेवली.

मला लोक धीट म्हणतात. मी धीट नाही, मला सापांची माहिती आहे. कुठला साप काय करेल हे माहीत असलं की भीतीला जागा उरत नाही. या पिशवीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. कापड वर येत होतं, खाली जात होतं. मी माझा श्वास त्याच्याबरोबर मोजून पाहिला. तो माझ्यापेक्षा संथ होता. हा वेग मी शेजारच्या उशीवर पन्नास वर्षं ऐकला होता, असं मनात आलं, आणि मी ते मनातून काढून टाकलं. सगळे झोपलेले जीव असेच श्वास घेतात, नंदा.

ऊन खालच्या कोपऱ्यावर पडलं होतं. तिथलं काज थोडं ताणलं गेलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढी फट. मी चष्मा पुसला आणि वाकले.

आत ओलसर, चमकणारं काहीतरी होतं, अगदी काजाशी आलेलं. खवला असेल म्हणून मी अजून जवळ गेले. ते स्थिर होतं. माझ्याकडे होतं.

मग त्याची पापणी मिटली आणि उघडली.

सापाला पापणी नसते. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात मी हे वाचलं होतं, डिक्शनरीत ‘आयलिड’ शोधून.

मी मागे सरकले ती पलंगाला अडखळून बसले. आयुष्यभर बिनहातमोज्यांचे हात घातले मी, कुठेही. त्या पिशवीच्या गाठीकडे हात जाईना. आणि सगळ्यात लाज वाटली ती याची, की मला ती उघडायची होती. फार उघडायची होती.

६

दार कार्डानं उघडलं. आसावरी आत आली, फॉर्मची फाइल हातात.

“आई, तुझं लेक्चर दोनला आहे, तू अजून—” ती थांबली. खिडकीत निळी पिशवी. पलंगावर उघडा डबा, त्यात सहा.

तिनं मोजलं. तिचे ओठ हलताना मी पाहिले.

“तू सहा म्हणाली होतीस.”

“हो.”

“मला काल सांगितलंस, सहा. व्हॉट इज दिस? तू इथे नवा साप घेतलास? द्यायला आलो आहोत आपण, आणि तू—” मग ती जवळ आली. सापाच्या पिशवीच्या इतक्या जवळ ती आयुष्यात आली नव्हती. कापडाकडे पाहत राहिली. “हा बाबांचा शर्ट आहे.”

“रेघा तशा आहेत.”

“रेघा तशा नाहीत, आई. तोच आहे. कॉलरजवळचा इंकचा डाग. मी त्यांना ते पेन दिलं होतं, फादर्स डेला.” तिचा आवाज चढला. “तू बाबांचा शर्ट कापलास? सापासाठी? ते म्हणायचे, माझे शर्ट सापांना द्यायचे नाहीत. तेवढं एकच मागायचे तुझ्याकडे!”

“माझ्यावर ओरडू नकोस.”

“मग कुणावर ओरडू?”

“तो शर्ट माझ्याकडे नव्हताच, आसावरी. इमर्जन्सीत कापला. त्यांनी फेकला. मला दिला नाही. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं होतं तुला.”

 मी पाहत होते. तिला आता दोनच गोष्टी म्हणता येत होत्या. आईचं डोकं गेलंय, ही एक. ती फाइल तिच्या हातातच होती, आणि मंगळवार तीन दिवसांवर. मी स्वतःच तिच्या बाजूनं साक्ष दिली होती.

“आई,” ती हळू म्हणाली, “ते हलतंय.”

“हो.”

“काय आहे त्यात?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. हे तीन शब्द माझ्या तोंडून तिनं कधी ऐकले नसतील. तिचा चेहराच बदलला.

खालून कुणीतरी फोन केला: नंदाकाकू, हॉल भरलाय, लोक उभे आहेत. मी पदर खोचला. दारातून वळून सांगितलं, “उघडू नकोस. दार लावून घे आणि खाली ये.”

“मी? मी उघडणार आहे?” आसावरी म्हणाली. पण ती पिशवीकडेच पाहत होती.

७

माझा विषय होता थंडीतली ने-आण. पाठ आहे मला. पिशवी कशी शिवायची, दोरे का बाहेर, गाठी किती. मी माझ्या इंग्रजीत बोलते आणि ज्यांना कळत नाही ते पहिल्या रांगेत येऊन बसतात. त्या दिवशी मी बोलत होते आणि मागच्या दाराकडे बघत होते. आसावरी आली नाही.

कुणीतरी विचारलं, गाडीत साप गार पडला तर सगळ्यात सुरक्षित ऊब कोणती? याचं उत्तर मी दर वर्षी देते. माणसाचं अंग. कोटाच्या आत, पोटाशी. लोक हसले. मी पुढचं वाक्य विसरले. तीस वर्षांत पहिल्यांदा. वॉल्टरनं उठून टाळ्या सुरू केल्या, माझी लाज राखली.

लिफ्टसाठी थांबले नाही. गुडघे दुखत असताना जिना चढले.

दोनशे चौदाचं दार नीट लागलेलं नव्हतं. फटीतून खिडकी दिसत होती. आसावरी खिडकीशी खुर्चीत बसली होती, माझ्याकडे अर्धी पाठ. निळी पिशवी तिच्या मांडीवर. गाठ सुटलेली. तिचा उजवा हात मनगटापर्यंत पिशवीत.

सापाला दुरून बघून किंचाळणारी माझी मुलगी. तिचे डोळे मिटलेले होते, कपाळावर घाम होता. ओठ हलत होते. ती मोजत होती. पिशवीचं कापड तिच्या मनगटाभोवती आवळलं गेलं होतं, आणि त्याच्या आत, रेघांखाली, शेजारी शेजारी दोन उंचवटे होते. ते तिच्या मनगटावर टेकलेले होते आणि अजिबात हलत नव्हते.

मला हाक मारता आली असती. मी मारली नाही. मला भीती वाटत होती की हाक मारली तर ते सोडून देईल. आणि हीही, की सोडणार नाही.

पंधरापर्यंत तिचे ओठ हलले. मग उंचवटे उठले, कापड सैल झालं. आसावरीनं हात बाहेर काढला, हळू, काहीतरी झोपलंय आणि जागं होईल अशा बेतानं. पिशवीचं तोंड पिळलं. एक गाठ मारली. शेपूट दुमडून दुसरी.

मी दार ढकललं तेव्हा तिनं बाही खाली ओढली. ओढायच्या आधी मला तिच्या मनगटावर दोन लालसर ठसे दिसले, शेजारी शेजारी, बोटाच्या टोकाएवढे.

“काय होतं?” मी विचारलं.

“लेक्चर कसं झालं?” तिनं विचारलं.

 संध्याकाळी तिनं खाली जाऊन दोन सूप आणले. माझ्यात मिरपूड जास्त घातली होती, मला लागते तशी. पिशवी तिनं स्वतः डब्यात ठेवली, सहांच्या मधोमध.

८

रविवारी सकाळी ती गाडी आणायला गेली तेव्हा मी टेबलाशी बसून सहाही फॉर्मवर सह्या केल्या.

का, ते सांगते. सापांचं मला काही नव्हतं आता. चांगल्या घरी चालले होते. पण ते ठसे मी पाहिले होते. पापणीही पाहिली होती. जे काय त्या पिशवीत होतं ते माझ्या डब्यातून, माझ्या हट्टापायी माझ्या मुलीपर्यंत आलं होतं. त्यानं तिचा हात सोडला, हे खरं. पुढच्या वेळी सोडेल, हे मला कोण लिहून देणार? साप नकोत, डबा नको, प्रवास नको. हरले म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. निळ्या पिशवीचं काय करायचं, ते मी अजून ठरवलं नव्हतं. ठरवायची हिंमत नव्हती.

दहाला दरवाज्याशी आले. बाहेर गवतावर पांढरं दव गोठलं होतं, तोंडातून वाफ येत होती. वॉल्टर त्याच्या ट्रकपाशी उभा होता, टोपी काढून. आसावरीची गाडी दरवाज्यासमोर येऊन थांबली, नवी, बॅटरीवरची. तिच्यात मागच्या सीटलासुद्धा गरम हवेच्या वेगळ्या जाळ्या आहेत. येताना सातशे मैल माझे साप तिथे नवाबासारखे बसून आले होते. तिनं काच खाली केली.

“घे,” मी फॉर्म पुढे धरले. “सहा सह्या. जिंकलीस.”

तिनं फॉर्म घेतले. पाहिलेही नाहीत. घडी घालून कॉफीच्या कपाच्या खाचेत खोचले.

“वॉल्टर थांबलाय,” मी म्हणाले. “डबा त्याला देते.”

“मी बोलले त्याच्याशी. तो फक्त तुला बाय करायला थांबलाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे बस गाडीत.”

“तुझ्या घरात साप येणार नाहीत म्हणालीस. एका रात्रीसाठीसुद्धा नाही.”

“हो, म्हणाले.”

“बेसमेंटचा जिना म्हणालीस. डोकं गेलंय म्हणालीस.”

“डोकं गेलंय असं मी कधीच म्हटलं नाही.”

“मंगळवारची अपॉइंटमेंट काय भजन ऐकायला घेतलीस?”

“आई, थंडी आहे. बस.”

“आसावरी, सह्या केल्यात मी! सातशे मैल भांडलीस माझ्याशी यासाठी. आता माझ्या मनाविरुद्ध मी हो म्हणतेय, तर तुला नको? त्या पिशवीत काय आहे ते तरी मला—”

 वॉल्टरनं लांबून हात वर केला, चार बोटांचा. मी रागारागानं मागचं दार उघडलं आणि डबा सीटवर टेकवला. आतली गरम हवा माझ्या तोंडावर आली.

पुढून चेन उघडल्याचा आवाज आला. आसावरी सीटवर वळून बसली होती. कोट पुढून मोकळा केलेला, कपाळावर घाम, डोळे घट्ट मिटलेले. तिनं डब्यासाठी दोन्ही हात पुढे केले, डावा आधी. आणि म्हणाली, “मागे नको ठेवूस. मागे हीटर पोचत नाही.”